विचारा की! : चार वर्षांची फौज, नऊ महिन्यांची सेवा आणि दुसऱ्याचा पोरगा

मागच्या अंकात पहाटे साडेचारला हायवेच्या कडेनं पळणाऱ्या भरतीच्या पोरांवर मी चार ओळी काय लिहिल्या, मेलबॉक्स फुल झाला. काही पत्रं आयांची, काही पोरांची, दोन परदेशाच्या भानगडीची आणि बरीचशी अशा काका लोकांची ज्यांना देशातल्या सगळ्या तरुणांना एकदाचं सरळ करायचंय. मी फौजेत नव्हतो हे आधीच सांगून टाकतो. कॉलेजात भूगोल शिकवायचो आणि एकवीस वर्षं एनसीसीचा एएनओ होतो, म्हणजे खाकी घातलेला मास्तर, मधे दोन वर्षं एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) पण गळ्यात पडलं होतं. तेवढ्यावरनं जे कळलं ते लिहितो, नियम बदलत असतात तेव्हा फॉर्म भरायच्या आधी ताजी जाहिरात स्वतः वाचायची, माझ्या भरवशावर राहायचं नाही.

प्रश्न : नमस्कार सर. आमचा मुलगा 19 वर्षांचा आहे, बारावी झाली, दीड वर्ष झालं अकॅडमीत अग्निवीरची तयारी करतोय. त्याचे वडील म्हणतात चार वर्षांनी परत येऊन काय करणार, त्यापेक्षा आत्ताच धंद्याचं बघ. माझे सासरे फौजेत होते, त्यांच्या पेन्शनवर हे घर उभं राहिलंय. पोरगा कुणाचं ऐकत नाही. काय करू?
— एक आई, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, तुमच्या जिल्ह्यात तर गावाच्या नावातच मिलिटरी आहे, अपशिंगे मिलिटरी, तिथं मी एकदा पोरांना घेऊन गेलो होतो, घरोघरी भिंतीवर वर्दीतले फोटो, आजोबा, बाप, चुलता, सगळे ओळीनं. त्यामुळं तुमच्या पोराला जे वाटतंय ते उगाच रील बघून वाटत नाहीये. आणि तुमच्या मालकांचं म्हणणं पण चूक नाही. सासऱ्यांची नोकरी आणि पोराची नोकरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, फक्त वर्दी सारखी दिसते.

आकडे बघा. अग्निवीर घ्यायची ही अग्निपथ योजना 14 जून 2022 ला जाहीर झाली, त्यात वय साडेसतरा ते 21 धरलेलं (पहिल्या वर्षी कोविडमुळं भरती दोन वर्षं बंद होती म्हणून एकदाच 23 पर्यंत सूट दिली), करार चार वर्षांचा. पगार पहिल्या वर्षी महिना 30 हजार, मग 33, मग साडेछत्तीस, चौथ्या वर्षी 40 हजार. पण हातात एवढे पडत नाहीत, 30 टक्के कापून फंडात जातात, म्हणजे पहिल्या वर्षी हातात 21 हजार. जेवढे पोराचे कापले तेवढेच सरकार टाकतं, चार वर्षांत त्याचे पाच लाख दोन हजार आणि सरकारचे तेवढेच, वर व्याज धरून साधारण 11 लाख 71 हजार एकरकमी मिळतात, त्यावर इन्कम टॅक्स नाही. ही झाली सेवा निधी. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही. चार वर्षं लग्न करायचं नाही. आणि बॅचमधल्या जास्तीत जास्त 25 टक्के पोरांना पुढं पंधरा वर्षांसाठी कायम करतात, म्हणजे चारातले तीन घरी येणार हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं आहे. हे पोराला कुणी नीट सांगितलंय का? अकॅडमीवाला सांगणार नाही, त्याचं पोट फीवर चालतं. माझ्या ओळखीतल्या एका माणसानं दुभती म्हैस विकून फी भरली होती, एका अकॅडमीनं "शंभर टक्के सिलेक्शन" असं बोर्डावर लिहिलेलं, पोरगं लेखीतच गेलं, फी काही परत आली नाही.

घरी आल्यावर काय, तर केंद्रीय पोलीस दलांत 10 टक्के जागा माजी अग्निवीरांना राखीव अशी घोषणा तेव्हाच झाली होती, बीएसएफ आणि सीआयएसएफनं 2023 मध्ये नियमात तसा बदल पण केला. पण राखीव जागा म्हणजे नोकरी नव्हे, तिथं पण पळावं लागतंच. पहिली बॅच 2022 च्या शेवटी-शेवटी ट्रेनिंगला गेली, म्हणजे तिची चार वर्षं 2026 च्या शेवटाकडं पुरी होतात. तोवर जो कुणी छातीठोक सांगेल की "सगळ्यांना नोकऱ्या लागतात" किंवा "कुणालाच लागत नाही", दोघांना चहा पाजा आणि वाटेला लावा.

एक अवघड गोष्ट पण लिहितो, आईला लिहायला नको वाटतं पण विचारलंत म्हणून. ऑक्टोबर 2023 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातला एक अग्निवीर सियाचिनला ड्युटीवर असताना गेला. त्या वेळी घरच्यांना काय मिळणार ते आर्मीनं जाहीर सांगितलं, 48 लाखांचा विमा, 44 लाख सानुग्रह, सेवा निधी, राहिलेल्या कालावधीचा पगार आणि आणखी मदत. रक्कम मोठी आहे. पण तुमच्या सासऱ्यांच्या काळात जवान गेला तर बायकोला किंवा आईबापाला दर महिन्याला पेन्शन यायची, ती यात नाही, आणि सगळा वाद तिथंच आहे.

मला विचाराल तर पोराला जाऊ द्या, पण दोन अटी घाला. एक, 21 वर्षं पुरी होण्याच्या आत जेवढे चान्स आहेत तेवढेच, त्यानंतर "अजून एक ट्राय" नाही. दुसरी, शिक्षण सुटता कामा नये. मुक्त विद्यापीठाला आत्ताच बीएला नाव घाला, आणि भरती झाला तर इग्नूचा अग्निवीरांसाठी वेगळा पदवी कोर्स आहे, त्यात फौजेतल्या ट्रेनिंगचे अर्धे क्रेडिट धरतात. चोविसाव्या वर्षी हातात अकरा लाख, डिग्री आणि पाठीला ताठ कणा घेऊन परत आलेलं पोरगं तुमच्या मालकांना धंद्यात पण उपयोगी पडेल, नुसते अकरा लाख घेऊन आलं तर सहा महिन्यांत दारात बुलेट आणि गळ्यात चेन दिसेल, मी बघितलंय. आणि हो, 2023 पासून आधी ऑनलाइन लेखी आणि मग ग्राउंड असं झालंय. 1600 मीटर साडेपाच मिनिटांत मारलं की 60 मार्क, दहा पुलअप्सचे 40, हे पोरांना झोपेत पण पाठ असतं, पण लेखीच पास नाही तर ग्राउंडवर बोलावणारच नाहीत. गणिताची शिकवणी लावा. पळायचं तो बघेल.

प्रश्न : इस्राएल, सिंगापूर, कोरिया सगळीकडे तरुणांना सैन्यात सक्तीनं जावं लागतं म्हणून ते देश शिस्तीत आहेत. आपली पोरं रात्री दोन वाजेपर्यंत मोबाईलवर. बारावीनंतर प्रत्येकाला दोन वर्षं सैन्यात पाठवा, देश दहा वर्षांत सुधारेल. सरकारला हे का सुचत नाही?
— निवृत्त बँक अधिकारी, ठाणे

उत्तर : काका, सुचलं होतं हो. आणि सुचलं होतं ते आपल्याच माणसाला. 1959 मध्ये सी. डी. देशमुखांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली होती, हेच ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि नंतरचे अर्थमंत्री, मूळचे रायगडातल्या नाते गावचे, म्हणजे तुमच्याच खात्यातले म्हणा. समितीनं सांगितलं की शाळा संपवून कॉलेजला जाऊ म्हणणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रीय सेवा सक्तीची करा, त्यात थोडं लष्करी शिक्षण, समाजसेवा, अंगमेहनत आणि सामान्य शिक्षण सगळं असावं. बघा, अगदी तुमच्या मनासारखं. ते झालं नाही, कारण पैसे नव्हते आणि राबवायचं कसं ते कुणाला कळेना. हिशोबाला देशमुखांसारखा माणूस असून खर्चावर घोडं अडलं यात काय समजायचं ते समजा. मग 1960 मध्ये के. जी. सैयदैन यांना परदेशात अशा योजना कशा चालतात ते बघायला पाठवलं, त्यांनी येऊन सांगितलं की सक्ती नको, आपखुशीनं करू द्या.

मग 62 चं युद्ध झालं आणि सगळ्यांना एकदम जाग आली. 1963 मध्ये कॉलेजच्या पोरांना एनसीसी सक्तीची केली. मी कॉलेजात लागलो तेव्हा त्या काळातले एक सर अजून होते, ते सांगायचे की आख्खं कॉलेज मैदानावर उभं, बूट एकाचे तर पॅन्ट दुसऱ्याची, शिकवायला एक हवालदारसाहेब, आणि मागच्या चार रांगांमध्ये लोक झाडाखाली बसून पत्ते खेळतायत. पाच वर्षांत, 1968 ला, सक्ती काढली. एनसीसी परत ऐच्छिक झाली आणि गंमत म्हणजे त्यानंतरच तिची इज्जत वाढली. मी स्वतः दर वर्षी बघायचो, पन्नास जागांना दीडशे पोरं यायची आणि ज्यांना नाही म्हटलं ती रडायची. तीच पन्नास पोरं सक्तीनं आणली असती तर रडायचं काम माझ्याकडं आलं असतं.

आता साधं गणित, तुम्ही बँकेतले. दर वर्षी देशात 18 पुरी करणारी पोरंपोरी मिळून दोन कोटींच्या वर. आपलं आख्खं भूदल साधारण बारा लाखांचं. त्यातली एकाच वर्षीची नुसती पोरं घेतली, पोरी सोडून, तरी आर्मीच्या कितीतरी पट माणूस होतो. त्यांना झोपवणार कुठं, जेवायला कोण घालणार, शिकवणार कोण? शिकवायला सुभेदार लागतो आणि सुभेदार तयार व्हायला वीस-बावीस वर्षं लागतात. 2022 मध्ये अग्निवीर घेतले 46 हजार, त्यालाच रांगा लागल्या होत्या. ज्याला माणसं नको म्हणून परत पाठवावी लागतात त्यानं सक्ती कशाला करायची? सिंगापूर-इस्राएलची गोष्ट उलटी आहे, देश चिमूटभर, लोक कमी, सक्ती नसती तर फौज उभीच राहिली नसती. शिस्त लावायला त्यांनी ती सुरू नाही केली.

आणि आपली परंपरा पण आपखुशीचीच आहे. दुसऱ्या महायुद्धात पंचवीस लाखांच्या वर माणूस उभा राहिला, जगातली सगळ्यात मोठी स्वेच्छा फौज म्हणतात तिला. (आता "स्वेच्छा" किती ते दुष्काळी भागातल्या पोटाला विचारा, पण कायद्यानं सक्ती नव्हती.) त्या वेळी हिंदुस्थानात सक्तीचा कायदा एकाच जमातीला लागू होता माहितेय का, गोऱ्यांना! 1940 चा कायदा होता, फक्त युरोपियन ब्रिटिश प्रजाजनांसाठी. त्याच्याही आधी 1918 ला गांधीजी खेड्याखेड्यांत फौजभरतीसाठी फिरत होते, लोक त्यांना दारात उभं करत नव्हते. टिळकांचं म्हणणं वेगळं होतं, आमच्या लोकांना अधिकाऱ्याच्या जागा देतो असं सरकारकडनं कबूल करून घ्या, मग महाराष्ट्रातनं पाच हजार पोरं मी देतो, नाही दिली तर दंड, आणि त्या बोलीवर त्यांनी गांधीजींना पन्नास हजारांचा चेक पाठवला होता. गांधीजींनी तो परत केला. मला त्यातला टिळकांचा सौदा आवडतो, पोरं देतो, पण त्यांना मान काय देणार ते आधी बोला.

तुम्ही कायदा काढाल म्हणून तेही सांगतो, घटनेच्या 23 व्या कलमात सरकारला सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा घेता येते, फक्त धर्म, वंश, जात, वर्ग यावरनं भेद करता येणार नाही. म्हणजे दार उघडं आहे. आणि थोडी सक्ती आपण करून बघतोय की, सरकारी मेडिकल कॉलेजातनं एमबीबीएस झालेल्याला राज्यात एक वर्ष सेवेचा बाँड असतो, नाही केली तर दहा लाख दंड असायचा. ज्याच्या बापाला दहा लाख परवडायचे तो भरायचा आणि पीजीच्या क्लासला बसायचा, ज्याला परवडायचे नाहीत तो गावाकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचा. उद्या सगळ्यांना फौज सक्तीची केली तरी असंच काहीतरी होईल, सर्टिफिकेटं निघतील, सपाट पाय, दमा, चष्म्याचा नंबर.

मला अशी पत्रं पंधरा आली या वेळी. पंधराही जणांनी "तरुणांना पाठवा" लिहिलंय, एकानंही "माझ्या नातवाला पाठवतो" लिहिलेलं नाही. तुमचा नातू कितवीला आहे काका? एनसीसीची नोंदणी कॉलेज सुरू झालं की लगेच असते.

प्रश्न : सर सक्ती सगळ्यांना नको पण लॉटरी काढली तर? गरीब-श्रीमंत सगळ्यांची नावं एका डब्यात. एकदम फेअर.
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, नागपूर

उत्तर : अमेरिकेनं काढली होती. व्हिएतनामच्या वेळी आधी कॉलेजात असलेल्या पोरांना पुढची तारीख मिळायची, त्यामुळं ज्यांना कॉलेज परवडत होतं ते वाचायचे आणि बाकीचे जंगलात, त्यावर बोंब झाली म्हणून 1 डिसेंबर 1969 ला टीव्हीवर चिठ्ठ्या काढल्या. वर्षाच्या 366 तारखा निळ्या कॅप्सूलमध्ये घातल्या, जी तारीख आधी निघेल त्या दिवशी जन्मलेले आधी जाणार. पहिली निघाली 14 सप्टेंबर. पण नंतर आकडेवारीवाल्यांच्या लक्षात आलं की डब्यातल्या चिठ्ठ्या नीट हलवल्याच नव्हत्या, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत जन्मलेल्यांचे नंबर जरा जास्तच वर लागले. तू इंजिनिअर होणारेस, डबा नीट हलवणं हे पण इंजिनिअरिंगच आहे रे. 1973 ला त्यांनी सक्तीच बंद केली आणि पगारी आपखुशीची फौज ठेवली. नोंदणी मात्र 1980 पासून परत सुरू आहे, आपल्या ग्रीन कार्डवाल्यांच्या 18 ते 25 च्या मुलांची नावं पण त्यात असतात, त्यामुळं न्यू जर्सीतल्या भाच्याच्या नावानं तसलं पत्र आलं तर मावशीनं रडायला घ्यायचं कारण नाही.

प्रश्न : एनएसएसला आहे, सेकंड इयर. 120 तास भरायचे म्हणून झाडू मारतो, फोटो काढतो, अपलोड करतो. परत पुढच्या आठवड्यात त्याच जागी झाडू. याचा काही उपयोग आहे का खरं सांगा.
— लातूर

उत्तर : खरं सांगू? त्या फोटोचा काही उपयोग नाही. मी प्रोग्राम ऑफिसर होतो तेव्हा मी पण असले फोटो काढलेत, बॅनर आधी, झाडू नंतर, कारण वर रिपोर्ट जायचा असतो.

पण एनएसएस निघालं कशातनं ते माहीत असू दे. वर देशमुख समितीचं सांगितलं, ते फसलं, एनसीसीची सक्ती फसली, तेव्हा असं ठरलं की ज्याला बंदूक नको त्याला दुसरं काहीतरी द्या, आणि 24 सप्टेंबर 1969 ला, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, 37 विद्यापीठांत 40 हजार पोरं घेऊन हे सुरू झालं. म्हणजे राष्ट्रीय सेवेचं जे मोठं स्वप्न होतं त्याचं हे उरलेलं, स्वस्तातलं रूप. दोन वर्षांत 240 तास आणि सात दिवसांचं शिबिर. जे काही शिकायला मिळतं ते त्या सात दिवसांत. आमच्या एका शिबिरात गावातल्या विहिरींची पाण्याची पातळी मोजायचं काम घेतलं होतं, दोरी, दगड आणि वही, बास. चौथ्या दिवशी एका म्हातारबानं पोरांना बसवून कुठली विहीर कुणाच्या भावकीच्या भांडणात बुजली ते सांगितलं, पोरं रात्री अकरापर्यंत उठली नाहीत. त्यातली एक पोरगी पुढं पाणलोटाच्या कामात गेली. तू तुझ्या सरांना सांग की झाडू नको, मोजायचं काहीतरी द्या. रस्त्यावरचे खड्डे, शाळेतली गळकी नळं, काहीही. मोजलेल्या गोष्टीचा कागद होतो, तो ग्रामपंचायतीत नेऊन ठेवता येतो. सर नाही म्हणाले तर तास भर आणि गप्प बस, दोन वर्षं जातात.

प्रश्न : आम्ही नऊ वर्षं सिंगापूरला आहोत, सगळे पीआर (कायमचे रहिवासी). मुलगा पंधरा वर्षांचा. इथले लोक म्हणतात त्याला एनएस (सक्तीची राष्ट्रीय सेवा) करावंच लागेल. पुण्यात आजी-आजोबांकडे पाठवून दिलं तर सुटेल का?
— एक आई, सिंगापूर

उत्तर : ताई, नाही सुटणार, आणि ती वाट धरू नका. तिथं 1967 पासून सक्ती आहे. तुमच्या मिस्टरांना स्वतःला पहिल्या पिढीचे पीआर म्हणून करावं लागलं नाही, पण आईबापाच्या नावावर पीआर झालेल्या मुलाला नागरिकासारखंच करावं लागतं. साडेसोळाच्या सुमाराला नोंदणीचं पत्र येतं, मग मेडिकल, मग दोन वर्षं पूर्णवेळ, सुरुवात बहुतेकांची पुलाव टेकाँग बेटावरच्या बेसिक ट्रेनिंगनं. ते संपलं की सुटला असंही नाही, पुढं दहा वर्षं दर वर्षी काही दिवस (40 पर्यंत) बोलावणं येऊ शकतं. मुलगा तेरा वर्षांचा झाला की तीन महिने किंवा जास्त देशाबाहेर राहायला परमिट काढावं लागतं, म्हणजे तुम्ही आत्ताच त्या नियमात आलेला आहात. न सांगता पाठवलंत तर तो गुन्हा होतो, दहा हजार डॉलरपर्यंत दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पीआर सोडून दिलं तर? सोडता येतं, पण सेवा न करता सोडलं तर पुढं त्याला तिथं शिकायला किंवा नोकरीला यायचं असेल तेव्हा ते आडवं येतं.

म्हणून प्रश्न असा आहे की पोराचं आयुष्य तुम्हाला कुठं दिसतंय. सिंगापुरात दिसत असेल तर करू दे, तिथं पोरं डिग्रीच्या आधी करतात, युनिव्हर्सिटी जागा धरून ठेवते, सगळ्या वर्गाचीच दोन वर्षं जातात म्हणून कुणी मागं पडत नाही. पुण्यात दिसत असेल तर मात्र सगळ्या घरानंच बसून ठरवा, एकट्या पोराला पार्सल करू नका. सीएमपीबी म्हणून या सक्तीच्या भरतीचं सरकारी ऑफिस आहे तिथं लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या, मंडळाच्या गणपतीत भेटलेल्या कुणाच्या सल्ल्यावर नको. आणि पंधराव्या वर्षी पोराला एकदा विचारा तरी. त्याच्या शाळेतली सगळी पोरं जाणार आहेत, त्याला कदाचित तुमच्यापेक्षा कमी भीती वाटत असेल.

प्रश्न : मुलगी म्हणते जर्मनीला एक वर्ष "सेवेला" जाते, एफएसजे का काय. हे सैन्य आहे का?
— कोल्हापूर

उत्तर : नाही हो. एफएसजे म्हणजे आपखुशीनं समाजसेवा करायचं एक वर्ष. म्हाताऱ्यांचा आश्रम, हॉस्पिटल, बालवाडी असल्या ठिकाणी काम, राहायची-खायची काहीतरी सोय आणि पॉकेटमनी. जर्मनीत पूर्वी ज्याला बंदूक धरायची नाही त्याला त्याऐवजी असलं काम करावं लागायचं, आणि कित्येक संस्था त्या पोरांवरच चालायच्या. 2011 मध्ये सक्ती थांबवली तेव्हा सगळ्यात जास्त घाबरले ते जनरल नव्हे, हॉस्पिटलवाले, मग त्यांनी ऐच्छिक सेवा वाढवली. शेजारच्या ऑस्ट्रियात तर 2013 ला लोकांनी मतदान करून सक्ती ठेवली, का, तर अँब्युलन्स कोण चालवणार!

मुलीला भाषा चांगली येत असेल तर अनुभव चांगला आहे, अंग पुसायचं, डायपर बदलायचं काम आहे हे तिला माहीत असू दे. पण एजंट लाखभर मागत असेल तर थांबा, पॉकेटमनीच्या कामाला लाख रुपये कशाचे?

प्रश्न : मी 17 वर्षांची आहे, अकोला. एनसीसीत ए सर्टिफिकेट झालंय. पप्पा म्हणतात मुलींनी पोलीस भरती करावी, आर्मी नको. मला ऑफिसर व्हायचंय.

उत्तर : बाळा, एनडीए म्हणजे बारावीनंतर थेट ऑफिसरच्या ट्रेनिंगला घेणारी अकॅडमी, तिची परीक्षा 2021 पर्यंत मुलींना बंद होती, कोर्टानं उघडायला लावली. 2022 ला पहिल्या मुली खडकवासल्याला गेल्या आणि मे 2025 मध्ये त्यातल्या 17 जणी पासआउट होऊन बाहेर पडल्या. पप्पांना तो परेडचा व्हिडिओ दाखव, आवाज मोठा करून. वयाची मर्यादा साडेएकोणीस आहे, तेव्हा तुझ्याकडं दोन-तीन चान्स आहेत. आर्मी विंगला बारावी कुठल्याही शाखेची चालते, नेव्ही-एअर फोर्सला फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स लागतं. नाही झालं तरी कॉलेजात एनसीसी सोडू नको, सी सर्टिफिकेट आणि डिग्रीला पन्नास टक्के असले की लेखी परीक्षा न देता थेट एसएसबीला, म्हणजे ऑफिसर निवडणाऱ्या मंडळापुढं, बोलावणं येऊ शकतं. पोलीस भरती कुठं पळून जात नाही.

प्रश्न : पुण्यात आयटीत आहे, 31 वय, ईएमआय चालू. वर्दीची इच्छा राहून गेली. आता काही होऊ शकतं?

उत्तर : होऊ शकतं, टेरिटोरियल आर्मी बघ. आपल्याकडं नोकरीधंदा सांभाळून फौजेत जायची ही खरी जागा आहे, 1949 पासूनची, आणि लोकांना फक्त धोनीमुळं माहीत आहे (त्याचं मानद आहे, तुझं तसं नसणार). अधिकाऱ्याला वय 18 ते 42, पदवी आणि स्वतःची कमाई पाहिजे, ही अट मला फार आवडते, कारण यांना पोटासाठी आलेला माणूस नकोच आहे. लेखी, मुलाखत, मग एसएसबी, मेडिकल. निवड झाली तर वर्षाला साधारण दोन महिने ट्रेनिंग, पगार तेवढ्याच दिवसांचा, बाकी वेळ तुझा लॅपटॉप आणि तू. पण गरज पडली तर महिनोन्‌महिने पण बोलावतात आणि तेव्हा मॅनेजरला सांगून चालत नाही. कोल्हापूरला मराठा लाइट इन्फन्ट्रीची टीए बटालियन आहे, आणि मराठवाड्यात महार रेजिमेंटची एक इको बटालियन आहे जी उजाड डोंगरांवर झाडं लावते, तिचं काम मी बघून आलोय, मे महिन्यात टँकरनं पाणी घालत होते. ईएमआयचं बायकोशी बोल आधी. आणि पोट आत घे, एसएसबीला ग्रुप टास्क असतात, नुसतं बोलून भागत नाही.

प्रश्न : सर मी नववीत आहे. एनसीसीच्या परेडला नाही गेलं तरी रिफ्रेशमेंट मिळते का?

उत्तर : नाही. मी होतो तोवर तरी नाही. आणि समोसा दोनदा घेणारे पण मला माहीत असायचे.